गोठलेली चिंचवणी

वाईन्सच्या दुकानात वाईन मागणारा माणूस वेड्यात निघतो, हे मला या उन्हाळ्यात कळलं. आमच्या आदिलाबादेत दारूच्या कुठल्याही दुकानाला वाईन्स म्हणतात. पाटीवर तेलुगूत वाईन्स, इंग्रजीत वाईन्स, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडीही वाईन्सच. तेव्हा आत वाईन असेल असं धरून चालणं हा काही माझा गुन्हा नव्हता. मी तोंडाला रुमाल बांधून, आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही याची खात्री करून, जाळीपाशी वाकलो आणि हळूच विचारलं, "वाईन है क्या?"

आतल्या माणसानं माझ्याकडे दयेनं बघितलं. "साब, ये वाईन्स है. इसमें वाईन कहाँ से आएगी?"

माझ्यासारख्या स्टेशनरी-झेरॉक्सवाल्या, चहाशिवाय दुसरं व्यसन नसलेल्या गृहस्थावर ही वेळ आली ती माझ्या साडूंमुळे. वैभव हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी मला बाल्कनीत बसवून उंच काचेच्या ग्लासात लालसर बर्फाचा चुरा दिला. फ्रोझन वाईन कॉकटेल म्हणे. मी तो चमचा मागवून खाल्ला. खाऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं की हे प्यायचं असतं. वर हसत हसत विचारलं, "भूषणभाऊ, तुमच्या आदिलाबादला उन्हाळ्यात काय करता? अंबिल?" अंबिलीला मी कमी लेखत नाही. पण ज्या सुरात ते 'अंबिल' म्हणाले, तो सूर माझ्या काळजात वर्षभर रुतून बसला होता. यंदा अक्षय तृतीयेला वैभव सहकुटुंब आमच्याकडे यायचे ठरले, आणि मी मनाशी पण केला की हा माणूस आमच्या ओसरीवर बसून तोच लाल बर्फ पिईल आणि गप्प बसेल.

मी आधी शेजारच्या महिपतकाकांचा सल्ला घेतला. महिपतकाका तहसिलीतून निवृत्त झाले, पण तहसील काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. मी म्हटलं, पैनगंगेपलीकडून, महाराष्ट्रातून, एक बाटली आणली तर?

"लेका, नदी वलांडली की बाटली परदेशी होते," ते म्हणाले. "नाक्यावर धरलं तं मुद्देमालासहित हाजर करतीन तुले. पेपरात नाव येईन. अमृतरावाच्या पोराचं! ज्या मानसानं खोकल्याचं औषध पन वास घेऊन मोरीत वतलं, त्याच्या पोराचं!"

हे खरं होतं. माझे वडील अमृतराव सुपारीच्या खांडालाही शिवले नाहीत. म्हणून तर रुमाल बांधून वाईन्समध्ये जावं लागलं.

तर त्या जाळीआडच्या माणसाला शेवटी माझी कीव आली. तो आत गेला, जुन्या कॅलेंडरामागून धुळीनं माखलेली पोर्ट वाईनची बाटली काढली, आपल्या लुंगीला पुसली आणि विचारलं, "घर में जच्चा है क्या?" इकडे बाळंतिणीला ऊब म्हणून थोडी लाल वाईन देतात असं त्याचं म्हणणं. माझी बायको हर्षाली चाळिशी ओलांडलेली. पण खरं सांगण्यापेक्षा मी मान डोलावली. त्याबरोबर त्यानं कसलाही विचार न करता ब्रँडीची एक क्वार्टर बाटलीशेजारी ठेवली. "ये भी डालो. सर्दी नहीं होगी बच्चे को." अशा रीतीनं न झालेल्या बाळाच्या सर्दीसाठी मी ब्रँडीही घेऊन घरी आलो.

मोबाईलवरचा व्हिडिओ सोपा होता. वाईन, साखर, लिंबू एकत्र करून गोठवायचं आणि मग मिक्सरवर फिरवायचं. आपल्याकडे ऊन जास्त म्हणून मी ब्रँडीही अख्खी ओतली. रंग मात्र व्हिडिओतल्यासारखा गुलाबी आला नाही. गडद, तपकिरी-लाल आला. स्टीलच्या डब्यात ते हलताना मला उगाच जखमेची आठवण झाली, आणि मी घाईनं झाकण लावलं.

भर दुपार होती. आमच्याकडे वैशाखात दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नाही. घरंसुद्धा श्वास धरून बसलेली असतात. मी डबा फ्रीजच्या वरच्या खणात सरकवला, मागे वळलो, आणि दारात माय उभी होती. ती कधी आली मला कळलं नव्हतं. माय चालली तर पैंजण वाजत नाहीत, पण हातातल्या पाटल्या वाजतात. त्या दिवशी त्याही वाजल्या नाहीत.

"काय ठेवून राह्यला रे?"

माणूस घाबरला की जवळचं काहीतरी बोलतो. ओट्यावर सणाला पितरांपुढे ठेवायच्या चिंचवणीसाठी आणलेली चिंच पडली होती. मी म्हटलं, "चिंचवणी. सणासाठी. थंडगार करून ठेवतो म्हटलं."

मायच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मात पाण्याचा ग्लास स्वतः न घेतलेल्या मुलानं बापासाठी चिंचवणी केली, एवढंच तिला दिसलं. आता हे पाणी का आलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला नुसती गंमत वाटेल.

बाबा गेल्या पोळ्याच्या सुमारास गेले. हृदय थकलं होतं, अंगात पाणी साठत होतं, म्हणून डॉक्टरांनी पाणी अगदी बेतानं द्यायला सांगितलं होतं. बाबांचा एक जाड बुडाचा स्टीलचा पेला होता. पिऊन समाधान झालं की ते पेला उपडा घालायचे, ठक्. अजून हवं असलं की सरळच ठेवायचे, आणि माय न बोलता भरायची. लग्न झाल्यापासून त्या दोघांचं हे असं चाललेलं. शेवटच्या दिवशी बाबा मायला म्हणाले, "गया, गार पानी दे वं." मायनं चमचाभर दिलं. पेला स्टुलावर सरळ होता. मायनं तो भरला नाही. संध्याकाळी बाबा गेले तेव्हाही तो सरळच होता.

तेव्हापासून माय रोज दुपारी त्यांच्या रिकाम्या खाटेजवळ तो पेला भरून ठेवते. उन्हानं पाणी आटतं. मी बी. एस्सी. आहे, मला ते माहीत आहे. पण रोज संध्याकाळी माय पेल्यात डोकावते, पाणी कमी झालेलं बघते आणि म्हणते, "पितेत. पन सरळच ठेवतेत. तहान गेली नायी त्याईची." आणि स्वतः त्या दिवशी धड जेवत नाही. आमच्याकडे पितरांना जेवू घालताना गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घास घालतात, त्याला आगारी म्हणतात. निखारा आपसूक पेटला तर पितर जेवले, धूर झाला तर उपाशी. बाबा गेल्यापासून आमच्या आगारीला नुसता धूर होत होता. माय सुकत चालली होती. यंदाची अक्षय तृतीया ही बाबांच्या नावाची पहिली घागर भरायची, आणि या वेळीही धूर झाला असता तर माझी आई मला पावसाळ्यापर्यंत पुरली नसती, ही मला खरीच भीती होती.

अशा बाईला मी दारूचा डबा दाखवून चिंचवणी सांगितलं होतं.

माझा बेत साधा होता. माय झोपली की खरी चिंचवणी करायची, तसल्याच डब्यात भरायची आणि डबे बदलायचे. हर्षालीला विश्वासात घेतलं. ती आधी हसली, मग कपाळावर हात मारला, मग चिंच भिजत घातली. तिच्या माहेरी अडचणीच्या वेळी हाच क्रम असतो. चिंच कोळून, गूळ घालून आम्ही डबा तयार केला आणि फ्रीजपाशी गेलो. फ्रीजला कुलूप होतं.

आमचा फ्रीज बाबांच्या हौसेचा, जुना, एका दाराचा आणि किल्लीवाला. त्या कुलपाला कोणी कधी हात लावला नव्हता. मायनं कुठूनशी किल्ली शोधून काढली होती आणि कमरेला खोचली होती.

"त्याईच्या आंधी कोनी उष्टं करू नये," ती म्हणाली. "तुमचं दूध-भाजी सांगजा, मी काढून देईन."

त्यानंतर माय खुर्ची घेऊन फ्रीजसमोर बसली. दूध हवं तर ती उठून काढून देई, पुन्हा कुलूप लावी. हर्षालीनं किल्ली मागून पाहिली. फ्रीज पुसायचा आहे म्हणाली. "बाहेरून पूस," माय म्हणाली. त्यात लाईट जायला लागली. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट जाते ही बातमी नाही, पण जाताना ती फ्रीजचा आवाजही घेऊन जाते, आणि घर असं काही शांत होतं की आपण गिळलेला आवंढाही ऐकू येतो. त्या शांततेत, बंद फ्रीजच्या आतून आवाज आला. ठक्.

मायनं मान वर केली.

"ऐकलं?"

"बर्फ तडकतो माय," मी म्हटलं. "लाईट गेली की बर्फ सैल होतो. त्याला शास्त्रीय कारण आहे."

"काऊन तडकन? इतक्या वर्साचा फ्रीज हाय, आजवर तडकला नायी." मग ती फ्रीजकडे बघून, माझ्याशी बोलत नाही अशा आवाजात म्हणाली, "धीर धरा. उद्या देतो नं."

मी विजेच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या माणसानं आधी मीटरचा नंबर मागितला. मी दिला. मग तो म्हणाला, हे मीटर अमृतराव यांच्या नावावर आहे, तक्रार त्यांनीच केली पाहिजे. मी म्हटलं, ते वारले. तो म्हणाला, मग नाव बदलायची दरखास्त का दिली नाही? आमच्या हिशेबी ते अजून आहेत. मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात पुन्हा ठक् झालं. सरकारदरबारी आणि फ्रीजमध्ये, दोन्हीकडे बाबा होतेच.

सणाच्या सकाळी वैभव आले. "वा भूषणभाऊ, काय प्यायला घालताय मग?" असं दारातच म्हणाले. मी कसानुसा हसलो. वर्षभर ज्या क्षणासाठी जपलो होतो तो क्षण आला होता आणि कुलपात होता. महिपतकाकाही आले, बाबांचे मित्र म्हणून ते मानाचे पाहुणे.

बाबांच्या खोलीत पाट मांडला. पुरण, कुरडया, आंब्याचा रस वाढला. मातीची नवी घागर भरून तिच्या तोंडावर खरबूज ठेवलं. मग मायनं कमरेची किल्ली काढली. तिनं डबा आणला तेव्हा मी जवळ गेलो, वाढायचा म्हणून हातातून घ्यायला. तिनं दिला नाही. झाकण उघडलं आणि मी आत बघितलं. लाईटच्या जाण्यायेण्यानं त्याचं भलतंच काही झालं होतं. बुडाला आणि कडेनं लाल दगडासारखा बर्फ धरला होता आणि मधल्या खळग्यात काळसर, दाट पाणी साचलं होतं. पाणी आधी गोठतं आणि दारू मागे राहते, हे बी. एस्सी.त होतं. म्हणजे खळग्यात जे होतं ती नुसती चढणारी दारू होती. वास येत होता. वैभवनी नाक फेंदारलं आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

मायनं निखाऱ्यावर तूप सोडलं. घास ठेवला. धूर झाला. ती हात जोडून बसली. अजून तूप. अजून धूर. खोली पांढरी झाली, आमचे डोळे चुरचुरू लागले, आणि धुरातून मला तिचा चेहरा दिसला. एवढी हरलेली माझी आई मी कधी पाहिली नव्हती. त्या घडीला मला साडू नको होते, अब्रू नको होती, काहीच नको होतं. फक्त तो निखारा पेटायला हवा होता.

"रागानं हायेत," माय पुटपुटली. "मी पानी नायी देल्लं नं त्याईले." आणि तिनं पळीभर चिंचवणी त्या खळग्यातून उचलली आणि निखाऱ्यावर ओतली.

पाण्यानं निखारा विझतो. हा भक्कन पेटला. हातभर ज्वाळ उठली, आणि ती पिवळी नव्हती, निळी होती. धूर तिनं एका घोटात पिऊन टाकला. मग महिपतकाकांनी, कचेरीत नाव पुकारावं तसं, उभं राहून पुकारलं, "अमृतराव हाजर!"

ब्रँडी पेटते, हे मला माहीत आहे. पुढचं मला माहीत नाही.

मायनं त्याच चिंचवणीनं बाबांचा पेला काठोकाठ भरला आणि पाटाशेजारी ठेवला. पितर जेवताना कोणी बघू नये म्हणून आम्ही सगळे बाहेर आलो आणि दार लोटलं. सगळे म्हणजे सगळे. मी, हर्षाली, वैभव आणि त्यांची मंडळी, महिपतकाका, माय. ओसरीवर बसलो. बाहेर ऊन पांढरंफटक पडलं होतं. लाईट गेली. फ्रीज थांबला. मी वाट बघत होतो की आता फ्रीजमधून आवाज येईल, पण डबा तर फ्रीजमध्ये नव्हता.

ठक्.

आवाज बाबांच्या खोलीतून आला.

दार मायनं उघडलं. पानातलं अन्न जसंच्या तसं होतं. पेला उपडा होता. मायनं तो उचलला. खाली थेंब नाही, आजूबाजूला ओल नाही, पाट कोरडा. मी गुडघ्यावर बसून फरशीला हात लावला. त्या उन्हाळ्यात आमच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. पण पेल्याखालचं ते गोल बर्फासारखं गार होतं. मी हात काढून घेतला. संध्याकाळी पुन्हा लावून बघितला, तेव्हाही ते गारच होतं.

"झालं," माय म्हणाली. "निवाले." आणि ती हसली, आणि मग तिथंच पाटापाशी बसून लहान मुलीसारखी रडली. कित्येक महिन्यांनी मी तिला पोटभर जेवताना बघितलं.

जेवताना तिनं प्रसाद म्हणून सगळ्यांना ती चिंचवणी वाढली. बर्फ कोरून, लाल चुरा करून, वाटीवाटीनं. मी अडवणार होतो, पण तिचा आनंद बघून हात उचलेना. ती स्वतः एक चमचा जिभेवर घेऊन म्हणाली, "उग्र हाय बापा. औषधावानी." महिपतकाकांनी वाटी संपवली, ओठ पुसले, दुसरी मागितली. "चिच कुठची म्हनाव?"

"बाजारातली," मी म्हटलं.

"बेज्जूरच्या रानातली असन. तिकडची चिच लई जोरदार," ते म्हणाले आणि तिसरी मागितली.

वैभवनी पहिल्या घोटालाच सगळं ओळखलं होतं. माझे कान तापले. त्यांनी वाटी खाली ठेवली, मायकडे बघितलं, आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, आणि वाटी पुढे केली. "मावशी, अजून थोडी. असली हैदराबादेत मिळत नाही." त्या दिवसापासून वैभवबद्दल माझं मत चांगलं आहे.

हात धुताना हर्षालीनं मला मोरीपाशी गाठलं. "खरं सांगा," ती कुजबुजली. "मागच्या दारानं जाऊन तुमीच पिऊन टाकलं नं? बरं केलं. मायसाठीच केलं."

"मी? मी तुझ्या शेजारी बसलो होतो. मला वाटलं वैभव."

"ते मह्या दुसऱ्या बाजूनं बसले व्हते. आन् पेला उपडा घालायचं त्याईले काय माहीत?"

आम्ही दोघंही मग उगाच बराच वेळ हात धूत राहिलो.

भाद्रपदात पितृपक्ष आला तसं मायनं मला हाक मारली. आता तिच्या अंगावर मांस आहे, आवाजात जरब आहे. दुपारचा पेला ती आता ठेवत नाही. म्हणाली, "तीच चिचोनी करजो. तुह्या हातची. दुसरी नायी चालनार त्याईले."

मी रुमाल न बांधता वाईन्समध्ये गेलो. जाळीआडच्या माणसानं मला ओळखलं. कॅलेंडरामागून बाटली काढली, लुंगीला पुसली, शेजारी क्वार्टर ठेवली. "फिर से जच्चा?"

"नहीं," मी म्हटलं. "पिताजी के लिए."

तो थबकला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. "बुजुर्ग आदमी है साब. जरा संभाल के. कम देना."

"उनकी फिकर नहीं," मी बाटली पिशवीत घालत म्हटलं. "बस हुआ तो गिलास खुद उल्टा रख देते."